पुसली जाणारी पावलं

सकाळी गोदाकाठी फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळींनी यंदा वैतरणेच्या मुखाशी जायचं ठरवलं आहे. त्र्यंबकच्या डोंगरांतून दोन नद्या निघतात. गोदावरी पूर्वेकडे वळते आणि तिच्या काठावर आपलं सगळं आयुष्य जातं. वैतरणा पश्चिमेला घाट उतरते, वाटेत धरणाधरणांतून मुंबईची तहान भागवते आणि उरलेलं पाणी घेऊन दातिवरे आणि अर्नाळ्याच्या मधून समुद्राला मिळते. तिची विचारपूस आपण कधी केलीच नाही, असं अण्णा म्हणाले आणि बेत ठरला.

आम्ही चौदा जण आहोत. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, दोघींच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या. त्यामुळे ‘वाट सोपी हवी’ ही एकच अट, आणि ती शोधायचं काम माझ्याकडे आलं. जव्हारमार्गे जायचं, आदल्या रात्री मुक्काम करायचा, एवढं पाच मिनिटांत लिहून झालं. पुढच्या तीन किलोमीटरांनी मात्र मला आठवडाभर बसवून ठेवलं आहे.

कारण केळशी आठवते. चार वर्षांपूर्वी आम्ही दापोली तालुक्यातल्या केळशीला गेलो होतो. भारजा नदीच्या मुखाशी तिथे वाळूची भलीमोठी टेकडी आहे. आमच्याबरोबरची मुलं तिच्या उतारावरून घसरगुंडी खेळली आणि आम्ही मोठी माणसं कौतुकाने फोटो काढत राहिलो. थोड्या वेळाने गावातले एक आजोबा आले. कुणाला काही बोलले नाहीत. मुलांच्या पायांनी उपटलेली मर्यादवेल त्यांनी गोळा केली. जाड, हिरवी-तांबूस दोरी असावी तशी ती वेल. पानं आपट्यासारखी दुभंगलेली, आणि प्रत्येक पेराला बारीक मुळांचा झुपका. एकेक पेर वाळूत दाबत ते म्हणाले, “धरंल परत. पण पाऊस येईपर्यंत वारा काय थांबत नाय.” जिथून वेल निघाली होती, तिथून वाळूची बारीक धार खाली ओघळत होती. आम्ही परत निघालो तरी ती ओघळतच होती.

त्या टेकडीचा अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांनी केला आहे, हे मला नाशकात परतल्यावर समजलं. वाळूच्या थरांत त्यांना खापरं, शिंपले, कोळसा असा माणसांच्या वस्तीचा माग सापडला. 1524 मध्ये दाभोळजवळ वास्को द गामाची जहाजं भर समुद्रात हादरली होती. त्याच सुमाराच्या सुनामीची खूण या टेकडीत असावी, असं अनुमानही मांडलं गेलं आहे. आमच्या मुलांची घसरगुंडी त्या थरांवर चालली होती.

2019 च्या सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या, खारे दलदलीचे पट्टे, तिवरांची वनं, कासवांच्या विणीच्या जागा हे सारं सर्वांत संवेदनशील भागांत धरलेलं आहे. कायदा बांधकाम अडवतो. चौदा माणसांच्या पायांचा निर्णय ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो.

म्हणून या वेळी मी पंचांगापासून सुरुवात केली. कोकणातला जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. त्याआधी सहा तास, पावणेदहाच्या आसपास ओहोटी. वसंत पंचमीला साडेआठला निघालो तर अकरापर्यंत भिजून घट्ट झालेली सपाट वाळू पायाखाली मिळेल. गुडघ्यांना तीच सोपी. शिवाय त्या वाळूवरची पावलं समुद्र दिवसातून दोनदा पुसतो. वरच्या कोरड्या वाळूत ती पुसायला कुणी नाही. तिथे एका पावलाने मोडलेलं पुढच्या पावसाळ्यापर्यंत तसंच राहतं. तेव्हा टेकाडांवर चढायचं नाही, हे वहीत पहिल्यांदा लिहिलं.

ओल्या वाळूवरही आपण एकटे नसतो. ओहोटी लागली की नखाएवढे खेकडे बिळांतून बाहेर येतात, वाळू तोंडात घालून तिच्यातलं अन्न काढून घेतात आणि मोहरीएवढ्या गोळ्या करून बिळाभोवती मांडतात. जेवायला त्यांना भरती येईपर्यंतचाच वेळ. किनाऱ्यावरच्या बायकांचंही तेच. पाणी मागे हटलं की त्या तिसऱ्या काढायला चिखलात उतरतात. ओहोटी ही त्यांच्या कामाची वेळ. ज्या घटकेला आमची सहल सोपी, त्याच घटकेला त्यांचा रोजगार. मी हे तिथे मुक्कामाची सोय करणाऱ्या ताईंना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, “चाला की, पण खाडीच्या अंगाला नका येऊ. आणि जवळा वाळत घातलेला असंल तिथून वळून जा.” फोटोचं विचारलं, तर थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “चिखलातले नको.”

वाटेतलं खाजण ओलांडायचं कसं, हा प्रश्नही ताईंनीच सोडवला. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला बांध आहे; त्यावरून चालता येतं, खाली उतरायचं कारण नाही. दोन्ही बाजूंना मोरस दिसेल, ज्याची भाजी किनाऱ्यावरची माणसं खातात, आणि पुढे तिवरं.

अण्णांना मात्र टेकाडावर बसून सूर्यास्त बघायचा होता. नदी समुद्रात जाताना उंचावरून बघायची, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. त्यांना नाही कसं म्हणावं, या विचाराने दोन दिवस गेले. शेवटी त्यांना केळशीच्या आजोबांची आठवण करून दिली. ते त्या वेळी बरोबर होते. बराच वेळ वहीकडे बघत बसले, मग विचारलं, “बांध किती रुंद आहे?” ताईंना पुन्हा फोन केला. दोन माणसं शेजारी चालतील एवढा आहे. घडीची खुर्ची मावते.