दया कुठवर पाहते?



या वेळी गोसेवेवर चार ओळी लिहा, असं मला सांगण्यात आलं होतं. गोसेवेवरच लिहिते आहे, पण जरा लांबच्या वाटेनं. गिधाडांवरून. नाव वाचूनच तोंड वाकडं करू नका! आपल्या भाषेत या पक्ष्याला बरा शब्दच नाही. वाटणीच्या वेळी भांडणाऱ्या नातेवाइकांना आपण गिधाडं म्हणतो, लाच खाणाऱ्यांना गिधाडं म्हणतो. अवधूतानं केलेल्या चोवीस गुरूंमध्ये कबुतर आहे, अजगर आहे, मधमाशी आहे, अगदी कोळीसुद्धा आहे. गिधाड मात्र तिथेही नाही.

प्रश्न असा आहे. मनात शुद्ध दया आहे, त्या दयेपोटी एखादं काम केलं, आणि त्या कामातून दुसऱ्याच एका जिवाचा वंश बुडायची वेळ आली. मग त्या दयेला काय म्हणायचं? हा काही रिकाम्या वेळचा वाद नाही. हे आपल्याच देशात, आपल्या डोळ्यांदेखत घडलं आहे, आणि तरी आपल्यापैकी बहुतेकांच्या लक्षात आलं नाही.

आपल्या लहानपणी गिधाडं किती होती हे आता मुलांना सांगून खरं वाटत नाही. गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की आभाळात आधी एक ठिपका दिसायचा, मग दहा, मग मोजता येणार नाहीत इतके. तासाभरात नुसती हाडं उरायची. आमच्या इंदूरजवळ गिदियाखोह नावाचा धबधबा आहे, त्याच्या नावातच गिधाड आहे. म्हणजे दरीची ओळखच या पक्ष्यावरून होती. साऱ्या भारतात ती कोट्यवधींनी असावीत असं जाणकार सांगतात.

भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी 1980च्या दशकात गिधाडांची साडेतीनशेच्या आसपास घरटी मोजली होती. 1990चं दशक संपताना तिथे एकही उरलं नाही. पक्षी झाडावर मान खाली घालून बसायचे आणि काही दिवसांनी खाली पडायचे. आधी वाटलं, कीटकनाशक असेल, नाहीतर एखादी साथ. 1992 ते 2007 या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या 99 टक्क्यांहूनही जास्त घटली. हजारातलं जेमतेम एक उरलं म्हणा ना.

कारण सापडलं ते पाकिस्तानात काम करणाऱ्या संशोधकांना, आणि ते 2004 मध्ये छापून आलं. कारण होतं डायक्लोफेनॅक. दुखण्यावरचं, सूज उतरवणारं औषध. आपण गुडघ्यांवर जी मलमं चोळतो त्यांतल्या कितीतरी मलमांत हेच असतं. (घाबरू नका, आपल्या मलमानं गिधाडं मरत नाहीत.) 1990 नंतर हे औषध स्वस्तात मिळू लागलं आणि गुरांनाही दिलं जाऊ लागलं. बैलाचा पाय सुजला, म्हशीची कास सुजली, गाईला ताप आला की एक सुई. जनावराला खरोखर आराम पडायचा. पण सुई दिल्यावर एक-दोन दिवसांत ते जनावर दगावलं, तर औषध त्याच्या मांसात शिल्लक राहायचं. ते मांस खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी व्हायची. पक्ष्यांच्या शरीरातली घाण युरिक ॲसिडच्या रूपानं बाहेर पडते. ती पडेनाशी झाली की काळजावर, यकृतावर चुन्यासारखा पांढरा थर चढतो आणि पक्षी मरतो. ज्याच्या पोटातलं आम्ल सडक्या मांसातले भयंकर जंतू पचवतं, त्याला आपलं एक साधं औषध पचलं नाही.

एक गोष्ट तर मी दोनदा वाचली. मेलेल्या सगळ्या जनावरांत हे औषध असायची गरज नव्हती. शंभरात एकापेक्षाही कमी, हजारात सात-आठ जनावरांत असलं तरी एवढा संहार व्हायला पुरेसं होतं. कारण एका जनावरावर पन्नास-शंभर गिधाडं एकत्र जेवतात. त्यातून ही मंडळी वर्षाला एकच अंडं घालतात, आणि पिल्लू मोठं होऊन स्वतः अंडं घालायला चार-पाच वर्षं जातात. गेलेलं भरून कधी यायचं?

आता सांगा, दोष कुणाचा? पेरणी तोंडावर आलेली, बैलाचा गुडघा सुजलेला, आणि शेतकऱ्यानं डॉक्टरला बोलावून सुई लावली. त्याच्या मनात गिधाड कुठे होतं? त्याच्या मनात बैल होता. गाईच्या डोळ्यांतलं पाणी पाहून ज्याला राहवत नाही, त्याला आपण पुण्यवानच म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो.

आमच्या गोसेवा मंडळात यावर बरीच चर्चा झाली. एक ज्येष्ठ काका म्हणाले, "हेतू शुद्ध होता ना, मग दोष लागत नाही. पुढचं भगवंत पाहील." माझी भाची बी. एस्सी.ला आहे, ती पटकन बोलून गेली, "काका, हेतूनं मूत्रपिंड वाचत नाही." पोरगी जरा तोंडाळ आहे, पण मला तिचं बोलणं लागलं.

मला वाटतं, दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होती. काका सांगत होते, करणाऱ्याला पाप लागलं का. भाची विचारत होती, आता काय करायचं. पहिल्या प्रश्नावर मी काकांच्या बाजूनं आहे. 2004 पर्यंत कुणालाच माहीत नव्हतं, त्या शेतकऱ्याला दोष देणारे आपण कोण? पण आपल्या हेतूवर पाप-पुण्याचा निकाल लागला, म्हणून आपलं काम संपत नाही. तिथेच थांबलो तर ती दया आपल्या मनाच्या समाधानापुरती राहते.

आणि 2004 नंतरची गोष्ट तर वेगळीच आहे. 2006 मध्ये सरकारनं गुरांसाठी हे औषध बनवण्यावर बंदी आणली. मग काय झालं? माणसांसाठीच्या औषधाच्या 30 मिलीच्या बाटल्या गुरांना वापरल्या जाऊ लागल्या. माणसाला एका वेळी 3 मिली पुरतं. मग एवढी मोठी बाटली कशासाठी विकली जाते, हे विकणाऱ्याला कळत नव्हतं असं मी तरी मानणार नाही. शेवटी 2015 मध्ये माणसांसाठीची बाटलीसुद्धा 3 मिलीचीच असावी असा नियम करावा लागला. माहीत नसणं वेगळं आणि माहीत करून न घेणं वेगळं. पहिल्याला अज्ञान म्हणतात. दुसऱ्याला चांगलं नाव मला सुचत नाही.

गिधाडं गेली, पण मेलेली जनावरं तशीच पडत राहिली. त्यावर कुत्री वाढली, उंदीर वाढले, कुजलेलं पाण्यात मिसळू लागलं. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2024 मध्ये छापलेल्या अभ्यासात अंदाज मांडला आहे की गिधाडं नाहीशी झाल्यामुळे 2000 ते 2005 या पाच वर्षांत आपल्या देशात सुमारे 5 लाख माणसं जास्तीची मेली. 5 लाख! कुत्रा चावून कुणाचं लेकरू गेलं असेल, दूषित पाण्यानं कुणी गेलं असेल. त्यांच्या घरच्यांना स्वप्नातसुद्धा वाटलं नसेल की या मृत्यूचा धागा एका बैलाच्या सुजलेल्या गुडघ्यापर्यंत जातो. (रस्त्यावरच्या कुत्र्यांवरून आपल्या ग्रुपवर मध्यंतरी जे तापलं होतं, त्यात मी परत पडत नाही. एवढंच म्हणते, कुत्र्यांनी ती जागा बळकावली नव्हती, ती रिकामी झाली होती.)

पारशी लोकांचं तर धर्मकृत्यच अडलं. आपलं शरीर शेवटी पक्ष्यांच्या कामी यावं, हे त्यांच्या दृष्टीनं शेवटचं दान. मुंबईच्या डुंगरवाडीत दान घ्यायला कुणी उरलं नाही, म्हणून आरशांनी ऊन एकवटून देह सुकवायची सोय करावी लागली. पितृपक्षात कावळा शिवला नाही तर आपण केवढे कासावीस होतो! त्यांचं दुःख आपल्याला समजायला हरकत नाही.

खेड्यातही एक साखळी होती. ढोर मेलं की कातडं काढणारे यायचे, मग गिधाडं यायची, मग हाडं गोळा करणारे. गाव स्वच्छ राहायचं ते या सगळ्यांमुळे. आणि त्या माणसांना आपल्या वाडवडिलांनी गावाबाहेर ठेवलं, पक्ष्याला अशुभ ठरवलं. घाण साफ करणाऱ्यालाच घाण म्हणायची आपली ही जुनी खोड. पर्यावरणाच्या लेखात हे कशाला, असं कुणी म्हणेल. मला ते वेगळं काढता येत नाही.

5 लाखांचा आकडा सांगितला की लोक ऐकतात, हे मी पाहिलं आहे. पण मला त्यातच थोडं खटकतं. गिधाड आपल्या उपयोगाचं आहे म्हणून जगावं का? उद्या एखादं यंत्र निघालं आणि त्यानं मेलेली जनावरं अर्ध्या तासात नाहीशी केली, तर मग गिधाड मेलं तरी चालेल? म्हाताऱ्या आईला आपण सांभाळतो ते ती नातवंडं सांभाळते म्हणून नाही. उपयोग ही समजवायची सोपी भाषा आहे, पण नातं त्याहून खोल आहे.

रामायणात जटायूची गोष्ट येते. व्यवहारी हिशेबानं पाहिलं तर जटायू हरला. सीतामाईला तो सोडवू शकला नाही. रावण कुठल्या दिशेला गेला एवढं सांगून त्यानं प्राण सोडला. पण रामानं त्याचे अंत्यसंस्कार वडिलांचे करावेत तसे केले. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातलं सर्वतीर्थ टाकेद हे जटायूचंच स्थान मानतात. जो पक्षी दाराशी बसला तर आपण शांत करून घेतो, त्याला प्रभूंनी बापाच्या जागी मानलं.

पसायदान आपण रोज म्हणतो. सगळ्या जिवांमध्ये मैत्री व्हावी, असं माऊलींनी त्यात मागितलं आहे. पूर्वी मला वाटायचं, मैत्री म्हणजे वाघ आणि शेळी एका ओढ्यावर पाणी पितात, तसलं काही चित्र. आता वाटतं, गाय आणि गिधाड यांच्यात आधीपासूनच एक मैत्री आहे. गिधाड जिवंत, धडधाकट गाईच्या वाटेला जात नाही. ती गेल्यावर तिचं शरीर ते आपलं करून घेतं, आणि तिच्या देहातून कुठला रोग तिच्या वासरापर्यंत, दुसऱ्या गाईपर्यंत जाणार नाही याची काळजी आपोआप घेतली जाते. प्रेमाचे शब्द नाहीत, ओळखसुद्धा नाही, तरी एकाचं दुसऱ्यावाचून अडतं. गोसेवा म्हणजे फक्त गाईची सेवा, असं मानलं की आपण त्या मैत्रीतली एक बाजू तेवढी धरतो.

मग दुखणाऱ्या गाईला तसंच तळमळत ठेवायचं का? काकांनी हेही विचारलं होतं. अजिबात नाही. मेलॉक्सिकॅम नावाचं औषध आहे, त्यानंही गाईचं दुखणं कमी होतं आणि गिधाडाला अपाय होत नाही. टोल्फेनॅमिक ॲसिडही सुरक्षित आढळलं आहे. दुसरीकडे केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांवर 2023 मध्ये, आणि निमेसुलाइडवर 2024च्या शेवटी गुरांसाठी बंदी आली. ॲसिक्लोफेनॅक तर गाईच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच होतं, नुसतं नाव वेगळं. म्हणजे गाय की गिधाड असं निवडायची वेळ आलेलीच नाही. डॉक्टरांना एक प्रश्न जास्त विचारायचा आहे, एवढंच.

आमच्या मध्य प्रदेशात आज देशातली सर्वांत जास्त गिधाडं आहेत, 2024च्या मोजणीत ती दहा हजारांच्या वर भरली. भोपाळजवळ केरव्याला आणि हरियाणात पिंजोरला त्यांची पिल्लं वाढवून मोकळी सोडायचं काम चालू आहे. पण सोडलेला पक्षी जेवणार कुठे? आपल्याच गोशाळांच्या, डेऱ्यांच्या आसपास.

म्हणून आमच्या मंडळानं सेवा करतो त्या गोशाळेत औषधांच्या वहीत दोन रकाने वाढवायला सांगितले आहेत. सुई कोणत्या औषधाची, आणि कोणत्या तारखेला. गाय दगावली तर आधी ती वही पाहायची. बंदीचं औषध चुकून दिलं गेलं असेल तर तिला उघड्यावर टाकायचं नाही, खोल पुरायचं. बडोदा, ग्वाल्हेर, बेळगाव, गोवा आणि हैदराबादच्या केंद्रांमधले सेवेकरी जिथे जातात, त्या गोशाळांत कोणतं औषध वापरतात आणि मेलेल्या जनावराचं काय करतात, हे कृपा करून येत्या गुरुपुष्यापर्यंत आपापल्या ग्रुपवर कळवावं. औषधाच्या बाटलीचा फोटो पाठवलात तरी चालेल, नाव नीट दिसेल असा.

— एक सेविका, इंदूर केंद्र