सोडून दिलेला मासा

मासे मारणे आणि मासे पकडणे या दोन क्रियांत काही भेद आहे, हे कोकणात जन्मलेल्या माणसास सांगून खरे वाटावयाचे नाही. आमच्याकडे खाडीच्या काठी गळ टाकून बसण्यास ‘गरवणे’ म्हणतात, आणि गरवून आणलेला मासा संध्याकाळी तव्यावर पडावयाचा हे इतके गृहीत असते की, त्याविषयी वेगळे बोलण्याची कोणास गरज भासत नाही. मासा पकडून, त्याच्या जबड्यातला गळ काढून, त्यास पुन्हा पाण्यात सोडणारा मनुष्य आमच्या आजोळी कोणी पाहिला असता, तर त्याची गणना एक तर साधूंत झाली असती, नाही तर वेड्यांत.

सरकारी नोकरीने आम्हांस दिल्लीहून उचलून अंदमानात आणले आणि तेथे या मनुष्याची ओळख झाली. तो साधू नव्हे आणि वेडाही नव्हे. बहुधा चांगला सुस्थितीतील, सुशिक्षित, निसर्गप्रेमी गृहस्थ असतो. श्रीविजयपुरम् (2024 पर्यंतचे पोर्ट ब्लेअर) आणि स्वराज द्वीप (2018 पर्यंतचे हॅवलॉक) येथून अशा हौशी मंडळींना भाड्याच्या बोटीने समुद्रात नेण्याचा व्यवसाय चालतो. हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. पण चैत्र-वैशाखात, म्हणजे वसंतात, समुद्र ओतलेल्या तेलासारखा निश्चल असतो, आणि मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मोसमी वारे येऊन थडकेपर्यंत बोटींना उसंत नसते. काही मंडळी किनाऱ्यालगतच्या प्रवाळाच्या कडेवर लाकडी खोटा मासा फेकून तो पाण्यावर फडफडवीत ओढतात. त्यावर ‘जायंट ट्रेव्हली’ नावाचा, 50 किलोंच्याही वर वाढणारा दांडगा मासा झडप घालतो. काही जण आणखी बाहेर जाऊन खोल पाण्यात जड धातूचे आमिष सोडतात, त्यास हेकरू, तांबोशी, कुप्पा लागतात. झुंज संपली की छायाचित्र घ्यावयाचे आणि मासा सोडून द्यावयाचा. ट्रेव्हलीच्या बाबतीत तर हा हौशी मंडळींचा जवळजवळ धर्मच झाला आहे.

प्रथमदर्शनी यात वंद्य असे पुष्कळ आहे. मारणाऱ्यापेक्षा सोडणारा बरा, हे अंकगणित कोणासही कळेल. प्रवाळाच्या एका कडेवर मोठे मासे मोजकेच असतात. मोठी जुनी मादी लहान मादीच्या कितीतरी पट अंडी घालते, म्हणून अशी एक मादी वाचली तर पुढच्या पिढीचा मोठा आधार वाचला. तीच मासळी दहा वेळा दहा पर्यटकांना आनंद देते आणि दहा वेळा नावाड्याच्या घरात पैसे आणते. बाजारात गेली असती, तर एकदाच. फळावर दृष्टी ठेवणाऱ्या नीतिशास्त्राने येथे निःशंकपणे अनुकूल शेरा मारावा, आणि त्या शेऱ्याखाली सही करण्यास आम्हांसही फारशी अडचण वाटली नसती.

परंतु कर्माची परीक्षा केवळ फळावरून करण्याची सवय आपणांस नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे जे दीर्घ विवेचन आहे, त्यातला सत्पुरुष आपल्या चालण्याबोलण्याने कोणाला धक्का लागू नये म्हणून आधीपासून जपतो. त्याची करुणा पाऊल पडण्यापूर्वी असते. आमच्या हौशी मित्राची करुणा गळ रुतल्यानंतर जागी होते. जी वेदना आपणच, आपल्याच सुखासाठी निर्माण केली, ती आपणच थांबविली, तर त्यास दया म्हणावे काय? सावकाराने घर जप्त करून किल्ली परत दिली, तर ऋणको त्याचे पाय धरील. तिऱ्हाइताने मात्र जप्ती मुळात कशासाठी केली हे विचारावयास हवे. थायलंडात आणि ब्रह्मदेशात मासे सोडून पुण्य जोडण्याची जुनी चाल आहे. मूळ भाव सुंदर. पण सोडावयास मासे विकत मिळू लागले की, ते पुरविण्यासाठी कोणीतरी ते पकडावयास लागतोच. पुण्याची मागणी वाढली की पापाचा पुरवठा वाढतो, असा हा चमत्कारिक बाजार आहे.

यावर आमचे एक सहकारी म्हणतात, “अहो, माशाला कसली आली आहे वेदना? तो थंड रक्ताचा प्राणी!” हा युक्तिवाद सोयीचा आहे एवढेच त्याविषयी म्हणता येईल. 2003 साली लिन स्नेडन या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचे विष आणि ॲसिटिक आम्ल टोचून पाहिले. ते मासे खाणे सोडून राहिले, अंग डोलवू लागले, काही तर ओठ तळाच्या खड्यांवर घासू लागले. मनुष्याच्या मेंदूचा जो थर वेदनेच्या जाणिवेस आवश्यक मानतात तो माशाला नाही, तेव्हा ही केवळ प्रतिक्रिया होय, असे म्हणणारे शास्त्रज्ञही आहेत. वाद मिटलेला नाही. पण ज्या वादात चूक झाली तर तिचा भार सर्वस्वी दुसऱ्यावर पडणार, त्या वादात संशयाचा फायदा आपण स्वतःस घ्यावा, हे आम्हांस सभ्यपणाचे वाटत नाही.

गेल्या वैशाखात दिल्लीहून आलेल्या काही पाहुण्यांबरोबर आम्हांस अशा बोटीत बसण्याचा योग आला. नावाडी आंध्र किनाऱ्यावरून आलेल्या घराण्यातला, तिसऱ्या पिढीचा अंदमानी, अंदमानची ती सर्वांची हिंदी बोलणारा. सकाळी एका पाहुण्याने ट्रेव्हली धरली. वीस मिनिटे तो गृहस्थ आणि तो मासा एकमेकांना ओढत होते. नंतर नावाड्याने मासा पाण्याबाहेर फार वेळ न ठेवता, शेपटीशी धरून, तोंड प्रवाहाकडे करून सोडला, आणि तो एका फटकाऱ्यासरशी निळ्या पाण्यात नाहीसा झाला. खोटे कशाला बोलावे, आमच्याही तोंडून उद्गार निघाला. त्या क्षणी सर्व नीतिशास्त्र बोटीच्या तळाशी पडले होते.

दुपारी बोट बाहेरच्या खोल पाण्यावर गेली आणि एक मोठा हेकरू वर आला. येथे थोडे भौतिकशास्त्र सांगावे लागते. दर 10 मीटर खोलीस पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणजे 50 मीटर खाली तो पृष्ठभागाच्या सहापट असतो. तेथल्या माशाच्या पोटातील वाताशय त्या दाबाशी जुळवून घेतलेला असतो. असा मासा भराभर वर ओढला की, आतला वायू सहापट फुगू पाहतो. जठर तोंडातून बाहेर येते, डोळे बाहेर लोंबतात. अशा माशास नुसते सोडले तर तो खाली जाऊ शकत नाही, उलटा तरंगत राहतो. वजन लावून त्यास पुन्हा खोलवर पोहोचविण्याची साधने आहेत, परंतु त्या बोटीवर ती नव्हती. नावाडी म्हणाला, “साहेब, हा वाचणार नाही. मी घरी नेतो.” पाहुणे सज्जन होते. त्यांनी अत्यंत मृदु स्वरात सांगितले की, आपण मारण्यासाठी आलेलो नाही, आपले तत्त्व आहे. मासा सोडण्यात आला. तो पोट वर करून तरंगत मागे राहिला. थोड्या वेळाने पांढऱ्या पोटाचा एक समुद्रगरुड खाली उतरला. मासा त्याच्याने उचलवेना, म्हणून तो त्यावर दोनतीनदा झेपावला आणि निघून गेला. नावाडी बराच वेळ मागे पाहत होता. त्याच्या घरी सहा माणसे आहेत, हे आम्हांस ठाऊक होते.

त्या दिवसापासून आमच्या मनातील प्रश्नाचे स्वरूप बदलले. सोडणे चांगले की मारणे चांगले हा प्रश्न नव्हे. सोडणे कोणासाठी आहे, हा प्रश्न आहे. ट्रेव्हलीला सोडले ते ट्रेव्हलीसाठी, असे मानण्यास जागा आहे. हेकरूला सोडले ते मात्र हेकरूसाठी खासच नव्हते. सोडणाऱ्याच्या हातांसाठी होते. तत्त्व जेव्हा समोरच्या प्राण्याकडे पाहणे बंद करते आणि आरशात पाहू लागते, तेव्हा ते कोळ्याच्या सुरीपेक्षा निर्दय होते. सुरी निदान चटकन काम उरकते आणि कोणाचे तरी पोट भरते.

कायद्याची भाषा वाचणे हा आमचा रोजचा धंदा, म्हणून सहज 1960 चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा काढून पाहिला. मनुष्याखेरीज प्रत्येक सजीव प्राणी त्याच्या व्याख्येत येतो. मासा वगळलेला नाही. अकराव्या कलमात ज्या सवलती दिल्या आहेत, त्यांत मनुष्याच्या अन्नासाठी केलेल्या वधाला सवलत आहे, आणि तीही अनावश्यक वेदना न दिल्यास. करमणुकीला तशी सवलत लिहिलेली आम्हांस दिसली नाही. जर्मनीच्या 1972 च्या कायद्यात योग्य कारणावाचून प्राण्यास यातना देणे निषिद्ध आहे, आणि केवळ सोडून देण्यासाठी पकडणे हे तेथे सामान्यतः योग्य कारण मानले जात नाही. स्वित्झर्लंडने 2009 पासून सोडण्याच्या हेतूने मासे धरण्यास मनाईच केली. म्हणजे आमच्या आजोळच्या अडाणी म्हाताऱ्या आणि युरोपातील कायदेपंडित वेगवेगळ्या वाटांनी एकाच ओट्यावर येऊन बसले आहेत!

आपल्याकडे हा विचार नवा आहे असेही नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 1130 च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या विनोदांमध्ये मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांचे खाद्य, गळ आणि दोर यांची त्यात रसिकतेने चर्चा केली आहे. म्हणजे हौस ही साहेबाने आणलेली नव्हे. आणि त्याच्या कितीतरी आधी, दिल्लीत फिरोजशाह कोटल्यावर आज उभ्या असलेल्या स्तंभावर अशोकाने ठराविक पौर्णिमांच्या आसपास आणि उपोसथाच्या दिवशी मासे मारू नयेत, विकूही नयेत, असे कोरविले आहे. दिल्लीत असताना आम्ही त्या स्तंभाखाली हिवाळ्यात शेंगा खात बसलो आहो. परंतु लेख वाचावयाची बुद्धी अंदमानात आल्यावर झाली. अशोकाने मासे खाणे बंद केले नाही. त्याने दिवस राखले. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवणाऱ्या आमच्या कोळ्यांनी तेच केले, आणि पूर्व किनाऱ्यावर व अंदमान-निकोबारात 15 एप्रिल ते 14 जून या काळात प्रादेशिक सागरापलीकडे मासेमारी बंद ठेवणारा केंद्र सरकारचा आदेश तेच करतो. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना त्यातून सूट आहे. ऐन विणीच्या दिवसांत माशाला स्वस्थ राहू द्यावे, एवढाच त्याचा आशय. किनाऱ्याजवळ, सीमेच्या आत, वैशाखात गळ टाकून ‘आम्ही तर सोडूनच देतो’ असे म्हणणारा मनुष्य त्या आदेशाचे अक्षर मोडत नसेलही. पण स्वस्थ राहू देणे आणि छळून सोडणे यांतला फरक विणीवर आलेल्या माशाला कळतो, असे आम्ही समजतो.

मग नावाड्याचे काय? ही हौस उद्या बंद पडली, तर त्याच्या बोटीचे हप्ते आम्ही थोडेच भरणार आहो! दुसऱ्याच्या उपजीविकेवर बेतणारा वैराग्याचा उपदेश खुर्चीत बसून करणे सोपे असते. त्यामुळे सर्व गळ गुंडाळून ठेवा, असे म्हणण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. खोल पाण्यात गळ सोडलाच, तर वर आलेला मासा सोडण्याचे ढोंग करू नये, तो तात्काळ मारून नावाड्याला द्यावा, आणि दोन माशांवर थांबावे. विणीचे दोन महिने बोटीने प्रवाळ दाखवावे, मासे नव्हे. एवढे आम्हांस पुरेसे स्पष्ट दिसते. ट्रेव्हलीविषयी मात्र मन अद्याप दुभंगलेले आहे. तो फटकारा आम्ही पाहिला आहे, ही आमची अडचण.

पुढील हंगामात पुन्हा पाहुणे यावयाचे आहेत आणि बोट ठरविण्याचे काम रीतीप्रमाणे आमच्याकडेच येईल. हेकरूची अट आम्ही नावाड्याच्या कानावर घातली. तो हसला, आणि ती साहेबलोकांकडून आधी लिहून घ्या, म्हणाला.