रव्याच्या कणाएवढी

बसा. सकाळ आहे. शहाड आणि आंबिवलीच्या मधे उल्हास नदीवर रेल्वेचा पूल आहे. कसाऱ्याची लोकल त्यावरून जाऊ द्या. धडधड पूर्ण विरेपर्यंत काहीही करू नका.

आता मनानेच काठ उतरा. राजमाचीच्या डोंगरातून निघालेलं, कर्जत, बदलापूर मागे टाकून आलेलं हे पाणी. जलपर्णी आधी दिसेल, तिची जांभळी फुलं दिसतील. तिच्यापाशी थांबू नका. प्रवाहाची ओढ जिथे पोचत नाही, अशा एखाद्या डबक्याशी या.

पाण्यावर हिरवी पूड पसरली आहे. शेवाळ म्हणून आपण पुढे जातो. आज बोट टेकवून बघा, मनातच. रवा लागल्यासारखं वाटेल. ही वुल्फिया. एकेक कण मिलिमीटरहूनही लहान. मूळ नाही. खोड कुठलं, पान कुठलं, सांगता येत नाही. आणि तरी हे फुलझाड आहे, जगातल्या सर्वांत लहान फुलझाडांपैकी एक. कणाच्या माथ्यावर इवलीशी खळगी असते. क्वचित फूल आलंच तर त्या खळगीत: एक पुंकेसर, एक स्त्रीकेसर, पाकळी एकही नाही. दिल्लीत वनस्पतिशास्त्रज्ञ सतीशचंद्र माहेश्वरींनी १९५४ साली वुल्फियाच्या फुलात गर्भ कसा घडतो ते लिहिलं. एवढ्याशा जिवाकडे इतका वेळ कुणीतरी पाहत बसलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

श्वास सावकाश सोडा.

एकच कण धरा. त्याच्या कडेला एक पोकळी आहे, तिच्यातून लेक बाहेर येते आहे. लेक अजून सुटलेली नाही, आणि तिच्या पोटात नातीची सुरुवात झाली आहे. आई, लेक, नात, सगळ्या मिळून रव्याच्या कणाएवढ्या. ऊन आणि पाणी मानवलं, तर हिच्या काही जाती दोन दिवसांच्या आत दुप्पट होतात.

त्या पाण्यात काय आहे, तेही टाळू नका. आपल्या न्हाणीघरांतून, संडासांतून, शेतांतून आलेलं नत्र आणि स्फुरद आहे. ती तेच पिऊन हिरवी होते. मला या हिरवेपणाचा राग येत नाही. जीव तुटतो तो नदीसाठी.

पुलावर पुन्हा धडधड. पाणी किंचित शहारलं. कण एकमेकांपासून सुटले, त्यांच्यामधे काळं पाणी दिसलं. ते परत जवळ येईपर्यंत पाहत राहा.