आठवणार नाही म्हणून

‘तीन महिन्यांच्या लेकराला काय ध्यानात राहतंय? आत्ताच उरकून घ्या.’ मोहोळच्या स्टँडवर सोलापूरच्या गाडीची वाट बघणाऱ्या एका तरुण जोडप्याला शेजारची म्हातारी हे सांगत होती. बाळाचा वरचा ओठ डाव्या नाकपुडीपर्यंत फाटलेला होता. आईने त्याच्या तोंडावर पदर ओढला होता, पण ते पाय झाडून पदर सारखा बाजूला सारत होतं. म्हातारीचा सल्ला योग्य होता. तिने दिलेलं कारण मात्र तेव्हापासून मला छळतं आहे.

ग्रहणात विळीवर चिरलं म्हणून ओठ फाटतो, या समजुतीशी इथे भांडत नाही. ते भांडण वाचकांच्या ओळखीचं आहे. शस्त्रक्रियेने ओठ छान जुळतो, हेही आता खेड्यापाड्यांत माहीत झालं आहे. दहा आठवडे वय, दहा पौंड वजन आणि दहा ग्रॅम हिमोग्लोबिन हा डॉक्टरांचा जुना ठोकताळा आजही उपयोगी पडतो. पैशांची अडचणही पूर्वीइतकी राहिलेली नाही. राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली, त्यांत सोलापूर होता. पुढच्याच वर्षी पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि जन्मतः असलेल्या ज्या दोषांसाठी मुलं शोधून काढायची, त्या यादीत फाटलेला ओठ आणि टाळू आले. म्हणजे बाळ टेबलापर्यंत पोहोचतं. त्याला तिथे आणि त्यानंतर काय होतं, याबद्दल आपण फार कमी बोलतो.

‘आठवणार नाही’ हे कारण एकट्या म्हातारीचं नाही. शिकलेल्या वैद्यकानेही ते अनेक वर्षं उराशी धरलं होतं. अमेरिकेत मर्टल मॅकग्रॉ या संशोधक बाईंनी तान्ह्या बाळांना टाचणी टोचून त्यांच्या प्रतिक्रिया टिपल्या आणि 1941 मध्ये प्रसिद्ध केल्या. पहिल्या काही दिवसांत बाळाला टोचलेलं फारसं जाणवत नाही, असा अर्थ त्यातून निघाला आणि तो टिकला. किती टिकला, हे 1985 मधल्या एका घटनेतून कळलं. जिल लॉसन या बाईंच्या अपुऱ्या दिवसांच्या मुलावर वॉशिंग्टनमध्ये हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया झाली. छाती उघडताना त्याला दिलेलं औषध फक्त स्नायू लुळे करणारं होतं. वेदना थांबवणारं काहीच नव्हतं. तो हलू शकत नव्हता, ओरडू शकत नव्हता. काही आठवड्यांनी तो गेला. हे सगळं आईला नंतर कळलं आणि तिने ते जगासमोर मांडलं.

माझा सगळा मुद्दा या मुलापाशी येऊन थांबतो. गप्प असणं वेगळं, आराम पडणं वेगळं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, आणि बघणाऱ्याला पहिल्यानेही समाधान मिळतं, म्हणूनच ही गफलत इतकी टिकाऊ आहे. लहान मुलाच्या बाबतीत आपण बहुतेक वेळा आपल्या कानांवर उपचार करतो.

इथे थोडं आडवळणाला जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया घरी ठेवलेल्या तान्ह्या बाळांना अफूची गोळी देत. तिला बाळागोळी म्हणत. त्या बायांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही; पाळी सुटेपर्यंत बाळ झोपून राहिलं नाही तर कामावर जाणार कोण? पण हे दोन इतिहास शेजारी ठेवले की अंगावर काटा येतो. ज्या मुलाला काही दुखत नव्हतं, त्याला अफू मिळत होती, कारण त्याच्या रडण्याने कामाचा खोळंबा होत होता. आणि ज्याच्या अंगावर सुरी चालत होती, त्याला अफूच्या जातीचं औषध मिळत नव्हतं, कारण दुसऱ्या एका औषधाने त्याचं रडणं आधीच बंद झालं होतं. दोन्हीकडे प्रश्न एकच विचारला गेला: आवाज येतोय का?

भूल देणाऱ्यांची भीती मात्र खोटी नव्हती. अफूवर्गातली औषधं तान्ह्या बाळाचा श्वास मंदावतात, आणि ओठाच्या शस्त्रक्रियेत तर सर्जनची सुरी आणि श्वासाची नळी एकाच इवल्या तोंडात असतात. ही भीती ठेवूनही वेदना थांबवता येते का, ते तपासायला हवं होतं. ते तपासणाऱ्यांत पुढे होते कंवलजीत सिंग आनंद, आपल्या शेजारच्या इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉक्टर. त्यांच्या गटाने 1987 मध्ये दाखवून दिलं की, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शस्त्रक्रियेत फेंटानिल हे अफूवर्गातलं औषध दिलं तर शरीरावरचा ताण आणि नंतरची गुंतागुंत दोन्ही कमी होतात. ज्यांना ते मिळालं नाही, ती बाळं बाहेरून शांत होती. त्यांच्या रक्तातली रसायनं शांत नव्हती.

आज ओठाच्या शस्त्रक्रियेपुरता तरी एक सोपा मार्ग आहे. डोळ्याच्या खोबणीखाली वरच्या जबड्याच्या हाडात एक बारीक छिद्र असतं. वरच्या ओठाची आणि नाकाच्या बाजूची संवेदना नेणारी नस तिथून बाहेर पडते. बाळ पूर्ण भुलीत असतानाच दोन्ही बाजूंना तिथे बुपिव्हाकेनचे थोडे थेंब सोडले की ओठ काही तास बधिर राहतो. श्वासाला धक्का नाही आणि औषधही महाग नाही. ओठ जोडणं म्हणजे कातडीला टाके घालणं एवढंच नसतं. फाटीच्या कडांना भलतीकडे चिकटलेला तोंडाभोवतीचा स्नायू सोडवून घ्यावा लागतो, आणि मग आतलं अस्तर, स्नायू, कातडी असे तीन थर सांधावे लागतात. एवढं झाल्यावर बाळ जागं होतं, तेव्हा ओठ बधिर असणं ही चैन नव्हे.

आता म्हातारीच्या मूळ वाक्याकडे येतो. तिला उत्तर द्यायला माझ्याकडे एक हत्यार होतं. टोरोंटोत 1997 मध्ये असं आढळलं की, वेदनाशामक न देता सुंता झालेली बाळं चार-सहा महिन्यांनी लस टोचताना इतरांपेक्षा जास्त कळवळतात. म्हणजे मनाने विसरलं तरी शरीर विसरत नाही. ऑक्सफर्डमध्ये 2015 साली नवजात बाळांच्या मेंदूचं चित्रण झालं, तेव्हा मोठ्या माणसांत वेदनेच्या वेळी जागे होणाऱ्या 20 भागांपैकी 18 बाळांतही जागे झालेले दिसले. हे दोन दाखले पुरेत, असं मी धरून चाललो होतो.

पण लिहिता लिहिता ते हत्यार हातात धरवेना. समजा उद्या सिद्ध झालं की शरीरही विसरतं, कुठे काही खूण उरत नाही. मग काय, बाळाला दुखू द्यायचं? उद्याचं नुकसान दाखवल्याशिवाय आजच्या वेदनेला किंमत नाही, हे मान्य केलं तर मी म्हातारीच्याच बाजूला जाऊन बसतो. आणि आठवणीचा हिशेब खरं तर उलटा आहे. आपल्याला आठवण आहे म्हणून आपण दाताच्या डॉक्टरकडे तग धरतो: मागच्या वेळी संपलं होतं, आताही संपेल. तीन महिन्यांच्या जिवाकडे मागची वेळ नाही आणि ‘संपेल’ नाही. त्याच्यापाशी आहे ते फक्त आत्ता. म्हातारीचं म्हणणं तंतोतंत खरं मानलं, तरी ते बाळाचं दुखणं हलकं करत नाही, जड करतं.

आमच्या शेजारच्या पंढरपुरात जन्मलेले डॉ. शरदकुमार दीक्षित यांचं नाव या विषयात घेतलंच पाहिजे. अमेरिकेत स्थायिक झालेला हा सर्जन अनेक वर्षं भारतात येऊन मोफत शिबिरांत फाटलेले ओठ शिवत राहिला. अपघाताने शरीर अधू झालं, कॅन्सरने आवाज नेला, तरी त्यांनी काम सोडलं नाही. 2001 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2011 मध्ये ते गेले. अशा माणसांमुळे हजारो मुलांना चेहरा मिळाला. या सगळ्या कामाची ओळख जगाला दोन फोटोंतून होते, आधीचा आणि नंतरचा. मला त्या दोहोंमधली रात्र हवी आहे. तिचा फोटो कोणी काढत नाही, आणि ती बरेचदा आईच्या एकटीच्या वाट्याला येते.

माझ्या नात्यातल्या एका बाळाचं घरी सोडतानाचं कार्ड मी पाहिलं आहे. दवाखान्याचं नाव सांगण्याची गरज नाही. टाके कधी काढायचे, मलम किती वेळा लावायचं, हे स्वच्छ लिहिलं होतं. वेदनेसाठी एकच ओळ होती: पॅरासिटामॉल, एसओएस. म्हणजे गरज पडली तर द्या. गरज कशी ओळखायची, हे बाळाच्या बावीस वर्षांच्या आईला कोणी सांगितलं नव्हतं. मेडिकलवाल्याने एकदा थेंबांची बाटली दिली, एकदा सिरपची. थेंबांच्या एका मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम औषध असतं, साध्या सिरपमध्ये जेमतेम 25. पाच किलोच्या बाळाला 75 मिलिग्रॅम द्यायचं तर थेंबांचा पाऊण मिलिलिटर लागतो आणि सिरपचे तीन. यांत घोटाळा झाला तर एकीकडे बाळ कळवळतं, दुसरीकडे त्याचं यकृत धोक्यात येतं. जास्त होईल या भीतीने ती पोर औषध देतच नव्हती.

त्या रात्री बाळाचं दुखणं ओळखलं ते आजीने. ‘पाय पोटाशी घेतंय, भूक नाही ही,’ ती म्हणाली. डॉक्टरांकडे बाळाचं दुखणं मोजायचं एक कोष्टक आहे, 1997 मध्ये प्रसिद्ध झालेलं: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटणं, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. आजीने त्यातले निम्मे रकाने कोष्टक न बघता भरले होते. स्टँडवरची ती म्हातारीही, तसं बाळ मांडीवर आलं तर, हेच करील याची मला खात्री आहे. तिचं वाक्य चुकीचं आहे, तिचे हात चुकीचे नाहीत.

म्हणून मी आता बाळ रडू नये असं मागत नाही. लिहायला बसलो तेव्हा तेच मागणार होतो. रडणं ही त्याची एकमेव तक्रार आहे. ती दाबायची नाही, तिला उत्तर द्यायचं. शस्त्रक्रियेआधी आईचं दूध चार तासांपर्यंत चालतं, तेव्हा पहाटे मोहोळहून निघालेल्या बाळाला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवू नका. नुसता ओठ शिवला असेल तर जागं झाल्यावर लगेच पाजायला हरकत नसते. सर्जनला विचारून पाजू द्या, तेही औषधच आहे. कार्डावर ‘एसओएस’ खोडून पहिले दोन दिवस घड्याळाप्रमाणे लिहा: कोणती बाटली, किती मिलिलिटर, किती वाजता. खाली एक रिकामी ओळ ठेवा, ‘रात्री बाळ कसं होतं’ एवढंच विचारणारी. ती आईने किंवा आजीने सांगावी, नर्सने लिहावी, आणि पुन्हा दाखवायला आणल्यावर डॉक्टरांनी टाके बघण्याआधी वाचावी.