परक्याचा अधिकार

जांभूळ गावाच्या परिसरात पाणी शुद्ध करण्याचे एक मोठे केंद्र आहे. बारवी धरणाचे पाणी तेथे शुद्ध होते आणि माणूस उभा राहील एवढ्या जाड जलवाहिन्यांतून औद्योगिक वसाहतींकडे व दूरच्या शहरांकडे जाते. अंबरनाथ-बदलापूरच्या आसपास अशा वाहिन्यांच्या कडेने झोपड्या दिसतात. कोणी मराठवाड्यातून बांधकामावर आलेले असते, कोणी उत्तरेकडून कारखान्यात. लोखंडाला कान लावला तर आतून वाहणारे पाणी ऐकू येते. प्यायला मात्र हंडा घेऊन लांब जावे लागते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका वस्तीत आम्ही धर्मग्रामातले चौघे धान्याच्या पिशव्या घेऊन गेलो होतो. एका बाईने पिशवी घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाली, "दादा, धान्य द्या, नाही म्हणत नाही. पण नळाचा अर्ज कुणाच्या नावानं लिहायचा, हे सांगणारं कुणी हाय का तुमच्यात?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. सांगणारा आमच्यात कोणी नव्हता. तो तिथेच, एका झोपडीच्या ओट्यावर बसला होता. उत्तरेकडून आलेला, कपडे शिवण्याच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण, मोडक्यातोडक्या मराठीत बायकांची नावे वहीत उतरवून घेत होता. परतताना आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, "हा कोण कुठला? याला कोणी अधिकार दिला?"

प्रश्न रागाने विचारला गेला होता, म्हणून तो खोटा ठरत नाही. दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार माणसाला कोठून मिळतो? जन्माने, जातीने, मतदानाने की शिक्षणाने? आणि जो स्वतःच त्या जागी परका आहे, त्याला तो मिळू शकतो काय? वाचकहो, हा प्रश्न आपल्याही दाराशी येणारा आहे. म्हणून तो थोडा सावकाश पाहू.

या संदर्भात एक नाव हटकून आठवते, ते जॉकिन अर्पुथम यांचे. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावात वाढलेला हा तमिळ मुलगा १९६३ च्या सुमारास मुंबईला आला. सुतारकाम करी आणि रात्री मिळेल तिथे पथारी टाकी. ट्रॉम्बेजवळच्या जनता कॉलनीत तो राहू लागला. तेथे त्याने प्रथम भाषण केले नाही. मुलांना गोळा केले, गाणी म्हटली, शिकवले. पुढे वस्तीतला कचरा उचलला जाईना, तेव्हा मुलांनी कचऱ्याची पुडकी बांधली आणि ती नेऊन पालिकेच्या कार्यालयासमोर टाकली. कचऱ्याची दखल मग घ्यावीच लागली. या कृतीत एक विचार आहे. घाण कोणाची, हा वाद तो घालत बसला नाही. ज्यांना ती दिसत नव्हती, त्यांना ती दाखवली.

पुढे शेजारच्या अणुसंशोधन केंद्राला ती जमीन हवी झाली. १९७४ मध्ये झोपडीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला. वस्तीने न्यायालयात दाद मागितली, दिल्लीपर्यंत धडक मारली. तरीही आणीबाणीच्या काळात, मे १९७६ मध्ये, जनता कॉलनी पाडली गेली आणि माणसे चीता कॅम्पला हलवली गेली. लढा हरला होता. आपल्या प्रश्नाचा खरा कस येथेच लागतो. हरलेल्या पुढाऱ्याचा अधिकार संपतो काय? जॉकिन यांचा संपला नाही; कारण तो यशावर उभा नव्हता. जे घर इतरांचे पडले, तेच त्यांचेही पडले होते. निर्णय चुकला तर त्याचा भुर्दंड निर्णय देणाऱ्यालाही भरावा लागतो, ही पहिली अट. आम्ही धान्य देणारे सायंकाळी आपापल्या घरी परतत होतो. आमचे काहीच पणाला लागलेले नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. असा माणूस लोकांना जागे करतो की आपल्यावर विसंबायला लावतो? शिकागोत १९३९ साली सॉल अलिन्स्की यांनी कत्तलखान्यांमागच्या गरीब मोहल्ल्यात संघटना बांधली. ते रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातले. मोहल्ला पोलिश, लिथुआनियन, आयरिश, मेक्सिकन कॅथलिकांचा. आणि त्यांच्या पाठीशी उभे राहिले बिशप बर्नार्ड शील. लोक स्वतः करू शकतील ते काम त्यांच्यासाठी कधीही करू नये, हे तत्त्व त्या परंपरेने कसोशीने पाळले. जॉकिन यांनाही पराभवानंतर हेच उमगले असावे. १९८४ मध्ये मुंबईत 'स्पार्क' ही संस्था निघाली. लवकरच भायखळ्याच्या पदपथांवरच्या स्त्रियांची 'महिला मिलन' संघटना उभी राहिली आणि महासंघ त्यांच्याशी जोडला गेला. बायका रोज दारोदार जाऊन रुपया-दोन रुपये बचत गोळा करू लागल्या. वस्त्या आपली गणती आपणच करू लागल्या. मोर्च्याला पुढारी लागतो. बचतीच्या वहीला शेजारीण पुरते. ज्याच्यावाचून काम अडत नाही, तोच चांगला संघटक, ही दुसरी अट.

जॉकिन यांना २००० मध्ये मॅगसेसे पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. १३ ऑक्टोबर २०१८ रोजी ते निवर्तले. मोठेपणाची ही खूण झाली. परंतु त्यांच्या वाटेत एक काटा होता, तो झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे नाही. ज्या हातांनी पूर्वी बुलडोझर अडवले, त्याच हातांनी पुढे रेल्वेमार्गालगतच्या हजारो कुटुंबांच्या याद्या करून त्यांच्या स्थलांतराला साहाय्य केले. घर मिळाले हे खरे. पण यादी आली की यादीबाहेरचा माणूसही आला. शासनाने पात्रतेची तारीख १ जानेवारी १९९५ ठरवली, नंतर ती पुढे नेली. तारीख कोणतीही असो, तिच्या दुसऱ्या दिवशी आलेला माणूस तितकाच तहानलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये पदपथवासीयांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, पण रीतसर सूचना देऊन हटवण्याची मुभाही ठेवली. न्यायालयाला जी गाठ पूर्ण सुटली नाही, ती वस्तीतल्या वहीला सुटावी असा आग्रह कोणत्या तोंडाने धरायचा?

आणि आपण तरी कोण? फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावण्यांत आलेल्या सिंधी निर्वासितांसाठी १९४९ मध्ये उल्हासनगर वसले. आज इतक्या वर्षांनंतरही तेथले पत्ते 'कॅम्प नंबर चार', 'कॅम्प नंबर पाच' असेच सांगितले जातात. तंबूतल्या माणसांनी शहर उभे केले. त्या शहरातील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी राज्याने २००६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. ज्यांची संख्या व ऐपत दिसते, त्यांच्या चुकीवर उपाय निघतो. झोपडीची चूक मात्र गुन्हा ठरते. अंबरनाथमधले आम्ही कॅथलिक तरी कोठले? कोणी वसईचे, कोणी गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे; कारखान्याच्या भोंग्यामागे आलेले. मंदिर बांधले, मुले शाळेत घातली, आणि हळूहळू 'बाहेरचे' हा शब्द दुसऱ्यांसाठी वापरू लागलो. शेजारी कोण, या प्रश्नाला प्रभूने दिलेल्या दाखल्यात जखमेवर तेल ओतणारा माणूस परकाच होता, हे आपण व्यासपीठावरून वारंवार ऐकतो. रस्त्यावर तो भेटला की त्याचा दाखला मागतो.

मी त्या वस्तीत पुन्हा गेलो, या वेळी पिशवीवाचून. वहीभोवती बायका बसल्या होत्या आणि वाद जुंपला होता. आठ दिवसांपूर्वी एक कुटुंब नवे आले होते. त्यांचे नाव अर्जात घालायचे की नाही? घातले आणि राहण्याची तारीख खोटी लिहिली, तर चौकशीत साऱ्यांचाच अर्ज बाद होण्याची भीती. वगळले, तर कालचे परके आज दार लावणार. तरुणाने पेन खाली ठेवले. "मी लिहीन ते तुम्ही भोगाल. तुम्ही सांगा," असे काहीसे तो म्हणाला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग जिने मला पहिल्या दिवशी प्रश्न विचारला होता, तीच म्हणाली, "कागदावर खरं लिवा. नळ आला तर पहिला हंडा त्यांचा."

अधिकाराचे उत्तर मला ग्रंथात सापडले नव्हते, ते त्या क्षणी दिसले. त्या तरुणाचा अधिकार त्याने पेन खाली ठेवण्यात होता. आणि त्या बाईचा, खरे लिहूनही यादीबाहेरच्याला विसरण्यास नकार देण्यात. कायदा रेघ ओढणारच. संघटकालाही ती ओढावी लागते. रेघेपलीकडच्या माणसाचे देणे आपल्याकडे उरते, एवढे ध्यानात ठेवणे हा शेजारधर्म.

उठताना तिने मला विचारले, "दादा, तुमचं मूळ गाव कंचं?" मी वसईतले गाव सांगितले, वडील कारखान्यात लागले तेव्हा आम्ही इकडे आलो, असेही सांगितले. "म्हणजी तुमीबी आलेलेच," ती सहज म्हणाली आणि सरकून मला बसायला जागा केली.