दुसऱ्याच्या चुलीवरची भाकरी

परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींना ‘अगदी तस्संच’ या शब्दांचं भारी वेड! भाकरी गावाकडच्यासारखी हवी, आरास पुण्यातल्यासारखी हवी. पण ‘तसंच’ म्हणजे नेमकं काय? हा प्रश्न मला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात भेटला नाही, तर वडिलांच्या आठवणींचं पुस्तक संगणकावर जुळवताना पडला.

वडील साताऱ्याकडचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या वह्या पुण्यात बहीण टाइप करते आणि इथे ॲमस्टेलवीनमध्ये बसून मी पानांची मांडणी बघतो. दोघांची गाठ पडते ती ओव्हरलीफवर. ब्राउझरमध्ये लिहायचं, बटण दाबायचं, की तिकडच्या सर्व्हरवर लाटेक चालतं आणि छापण्याजोगं पान समोर येतं. बहिणीला काहीच इन्स्टॉल करावं लागत नाही. ती त्या पानांचे प्रिंट काढते आणि वडील तांबड्या पेनाने तपासतात.

तीच फाइल मी माझ्या लॅपटॉपवर चालवली, तर पानं वेगळ्याच ठिकाणी तुटली आणि काही जोडाक्षरं फुटली. कारण साधं आहे. फाइल म्हणजे नुसती कृती. भाकरी कशी होणार हे पीठ आणि तवाही ठरवतात. इथे तवा म्हणजे टेक लाइव्हची आवृत्ती, जी दरवर्षी नवी निघते, आणि पीठ म्हणजे फॉन्ट. म्हणून ओव्हरलीफच्या सेटिंगमध्ये जे साल दिसतं, त्याच सालचं टेक लाइव्ह घरी बसवलं. जुन्या सालांच्या आवृत्त्याही जपून ठेवलेल्या मिळतात. दोन्हीकडे झीलाटेक निवडलं. फॉन्टच्या फायली पुस्तकाच्याच फोल्डरमध्ये ठेवल्या आणि भाषा मराठी असं स्पष्ट लिहिलं, म्हणजे मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ असलेल्या फॉन्टमधून तेच उमटतात. आता दोन्ही पानं उजेडासमोर एकावर एक धरली, तरी ओळीवर ओळ बसते.

माझा एक मित्र म्हणतो, “कशाला हा खटाटोप? इंटरनेट कुठे पळून चाललंय?” प्रश्न रास्त आहे. माझी उत्तरं दोन.

पहिलं सचोटीचं. वडिलांनी ज्या पानावर बरोबरची खूण केली, तेच पान छापखान्यात गेलं पाहिजे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत फरक एका अक्षराच्या वळणाचा, पण एकीकडे समुद्र आहे आणि दुसरीकडे सह्याद्री! माझं पान अधिक देखणं असेलही, पण ते त्यांनी मान्य केलेलं नाही. दुसऱ्याचे शब्द हाती आले की आपल्या आवडीनिवडीला लगाम हवाच.

दुसरं उत्तर मालकीचं. एखादी वस्तू आपली केव्हा म्हणायची? जवळ आहे तेव्हा, की पुन्हा घडवता येते तेव्हा? पीडीएफ जपता येते, पण ती झालेली भाकरी. त्यात मीठ कमी पडलं तर आता घालता येत नाही. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले मराठी लेख आज तो फॉन्ट नसेल तर अगम्य चिन्हांची रांगोळी दिसतात. मजकूर जागेवर आहे, वाचण्याची सोय तेवढी गेली.

डोनाल्ड क्नूथ यांना हे फार आधी कळलं. १९७७ मध्ये स्वतःच्या पुस्तकाची मुद्रितं त्यांना निकृष्ट वाटली, म्हणून त्यांनी टेक लिहिलं आणि सर्वांना देऊन टाकलं. अट एकच : बदल करा, पण मग त्याला टेक म्हणू नका. टेकच्या आवृत्तीचा आकडा ‘पाय’च्या जवळ सरकत जातो, आणि आपल्या मागे तो कायमचा ‘पाय’ करून त्यात काहीही बदलू नये, अशी त्यांची इच्छा आहे. उद्या कोणी आजची फाइल उघडली तर तेच पान मिळावं, हा त्यामागचा हेतू.

आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट याच देशातली. टेकमध्ये देवनागरी प्रथम उमटली ती ग्रोनिंगन विद्यापीठासाठी फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ मध्ये केलेल्या कामामुळे. एका डच माणसाने आपली लिपी घडवून सर्वांना खुली केली, आणि त्याच्या नावाचं पॅकेज आजही टेक लाइव्हमध्ये मिळतं.

ओव्हरलीफ आम्ही सोडणार नाही. त्याच्यामुळेच तर पुणं आणि ॲमस्टेलवीन एका टेबलाशी बसतात. शेजाऱ्याची चूल वापरण्यात कमीपणा नाही. फक्त ती विझली, तर आपल्या घरी तश्शीच भाकरी भाजता यावी, एवढी तयारी ठेवावी. मुलांच्या मराठीचंही तसंच नाही का? वर्षाकाठी भारतात गेल्यावर उजळते ती छानच. पण पीठ आणि तवा घरातही हवेत.