९ वाजून १३ मिनिटं

वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयानं एक छोटं घड्याळ जपलंय. काटे ९:१३ वर थांबलेले. २१ ऑक्टोबर १९६६ला अॅबरव्हॅन गावात कोळसाखाणीच्या कचऱ्याचा डोंगर शाळेवर घसरला. १४४ जण गेले, त्यांत ११६ मुलं.

सर्व्हर कोसळला की आम्ही आधी लॉगमधली वेळ बघतो. पण चूक त्या मिनिटाची नसते, खूप जुनी असते. तिथेही ढीग झऱ्यावर रचला होता. धोक्याचं पत्र स्थानिक इंजिनिअरनं १९६३मध्येच लिहिलं होतं.

मग आपण जपायचं काय? नुसतं ९:१३ जपलं तर तो निव्वळ अपघात ठरतो. घड्याळाशेजारी ते पत्रही हवं.

हे लिहिताना मला माझ्या ‘नंतर बघू’ फोल्डरमधले मेल आठवतायत.